अकरावीतला हनीमून

अकरावीच्या दिवाळीत मला टाइप वन डायबिटीस निघाला. त्याआधी दीड महिना मी तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते, रात्री चार-चार वेळा उठत होते, ड्रेस अंगावर लोंबायला लागले होते. घरचे म्हणायचे, कॉलेजची दगदग. साखर ४८० भरली. दवाखान्यातून घरी आले ती दिवसाला चार इंजेक्शनं घेऊन.

त्या रात्री सगळे झोपल्यावर पांघरुणात मोबाइल घेतला आणि शोधलं, ‘इन्सुलिन कायमचं बंद कसं करायचं’. हवं ते उत्तर प्रश्नातच घालून विचारलं होतं, त्यामुळे तेच मिळालं. व्हिडिओत पांढऱ्या कोटातले एक गृहस्थ, मागे कुंडीत कोरफड, पुढ्यात जांभळाच्या बिया, मेथी आणि कारलं. एकवीस दिवसांत सुई सुटणार. बोलणं इतकं मायेचं की डॉक्टरांपेक्षा तेच जवळचे वाटले.

त्या गृहस्थांनी वीस मिनिटांत ‘डायबिटीस’ हा शब्द पन्नासदा उच्चारला असेल, पण कोणता ते एकदाही सांगितलं नाही. आपल्याकडे घरटी एखादे मामा, एखादी आत्या ‘शुगरवाली’ असते. त्यांचा असतो टाइप टू. त्यांच्या शरीरात इन्सुलिन तयार होतं, पण ते नीट लागू पडत नाही. म्हणून वजन उतरवलं, चालायला लागलं की फरक पडतो. काहींच्या गोळ्याही डॉक्टर कमी करतात. टाइप वनमध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मारून टाकते. मेलेल्या पेशी कारल्याने उठत नाहीत. मामांच्या आजाराची माहिती वाचून मी माझ्यावर प्रयोग केला.

त्या गृहस्थांचं चूर्ण मागवलं, दप्तरात लपवलं. आणि नेमकी इथेच फसगत झाली: साखर खरोखर उतरायला लागली. महिनाभरात डॉक्टरांनीच डोस निम्म्याच्या खाली आणला. म्हणाले, ‘‘हा हनीमून पीरियड आहे, भुलू नका.’’ आई लाजली, मला हसू आलं आणि त्याचा अर्थ विचारायचं दोघींचंही राहून गेलं. अर्थ असा, की बाहेरून इन्सुलिन मिळायला लागलं की उरल्यासुरल्या पेशींना जरा उसंत मिळते आणि त्या काही महिने कामाला लागतात. मग त्याही जातात. श्रेय मात्र माझ्याकडून जांभळाच्या बियांना गेलं.

मे महिन्यात मी इन्सुलिन पूर्ण सोडलं. टोचल्यासारखं करायचं आणि औषध मोरीत सोडायचं. साखर वाढत गेली तरी घाबरले नाही, कारण व्हिडिओत आधीच सांगून ठेवलं होतं, ‘शरीरातली घाण निघताना आकडा वर जातो.’ केवढी हुशारी! आठवड्याभराने उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं. आई म्हणाली ऊन लागलं, आणि साखर घालून लिंबू सरबत दिलं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या जिना चढल्यासारखी धाप लागली. आजीने तोंडाजवळ नाक आणलं आणि म्हणाली, ‘‘पोरीच्या श्वासाला नासक्या फळांचा वास येतोय.’’ तिच्या नाकाने मी वाचले. इन्सुलिन नसलं की साखर पेशींच्या कामी येत नाही, शरीर चरबी जाळतं, त्यातून केटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. तीन दिवस आयसीयूत काढले.

तिथून वॉर्डात आल्यावर त्याच मोबाइलवर मी वाचलं, की जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी माझ्यासारख्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे महिने वाढवून घ्यायचे. मी मोरीत काय ओतत होते, ते तेव्हा कळलं.

डॉक्टर रागावले नाहीत. ‘‘मला का नाही विचारलंस?’’ एवढंच म्हणाले. खरं उत्तर असं होतं, की बाहेर चाळीस जण ताटकळत असायचे आणि मागे एकदा मी ‘नेटवर वाचलं’ म्हटल्यावर ते हसले होते. हे मी त्यांना सांगितलं. तेव्हापासून शोधलेलं सगळं वहीत लिहून नेते आणि ते वाचतात.

आज आठ वर्षं झाली. नव्याने निदान झालेल्या मुलामुलींशी बोलते, तेव्हा नेट बघू नका असं मी सांगत नाही. कोण ऐकणार, आणि मी तरी कुठे थांबले? फक्त शोधताना ‘टाइप वन’ हे शब्द घालाच. आकडा कुठल्या देशाचा ते बघा: इंग्लंडमधले लोक साखर ७ म्हणतात ती आपली १२६, त्यांच्या आकड्याला १८ ने गुणायचं. सिरिंजच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घाला. आपल्याकडे ४० युनिटची बाटली मिळते, तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवाल्या इन्सुलिनची केशरी टोपणाची. अमेरिकेतल्या व्हिडिओत दिसते ती केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीच पट होतो. उलट्या होतायत, जेवण जात नाही, म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. साखर २५० च्या वर असेल तर केटोनची पट्टी लावा आणि डॉक्टरांना फोन करा. आणि मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा ‘कायमचा बरा’ ऐकलं की पुढचं ऐकू नका.

नेटचे उपकारही आहेत. रात्री दोनला साखर ५५ वर आली, हात थरथरतायत, तीन चमचे साखर खाऊन पंधरा मिनिटं वाट बघायची आहे, अशा वेळी दुसऱ्या गावात हेच करत बसलेली मैत्रीण मला तिथेच भेटली.

चूर्णाचा डबा चांगला जाड प्लास्टिकचा होता. आईने तो धुऊन ठेवला. वापरलेल्या सुया आम्ही त्यात टाकतो आणि भरला की दवाखान्यात नेऊन रिकामा करतो.