नाव खोडलं, माणूस उरला

“घरी कुणी नाहीये!” असं घरातूनच कुणीतरी ओरडलं. एरवी मला हसू आलं असतं. पण आठच दिवसांपूर्वी याच दारात मला बसायला खुर्ची आणि न मागता चहा मिळाला होता. आता गल्लीतलं एकेक दार मला बघून लोटलं जात होतं, आणि त्याचं कारण मीच होते.

तेव्हा मी एका आरोग्य प्रकल्पात पाहणीचं काम करत होते. कात्रजच्या एका वस्तीत घरोघर जायचं, शुगर, बीपी, दमा, टीबी असं कुणाला काय आहे किंवा होतं ते विचारायचं, केसपेपर बघायचे, औषधांचा खर्च लिहून घ्यायचा. माझं माहेर कात्रज डेअरीजवळच, त्यामुळे लोक ‘आपलीच पोरगी’ म्हणून सगळं सांगत. जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं, तेही सांगत. वस्तीचं नाव इथे लिहीत नाही, आणि पुढे जिच्याबद्दल लिहिलंय तिचं वय, गल्ली आणि धंदा थोडा फिरवला आहे. ही अक्कल तेव्हा असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पहिली चूक संमतीपत्रापासूनच झाली. चार पानी कागद, बारीक अक्षर. मी म्हणायची, “काकू, इथे फक्त सही करा, बाकीचं मी बघते.” काकू सही करायच्या. ती सही कागदावर होती, पण विश्वास माझ्या तोंडाकडे बघून टाकलेला होता. संस्थेला त्या ओळखतही नव्हत्या.

दुसरी चूक मोठी. माहिती जुळवताना आम्ही तक्त्यातून नावं काढून टाकली आणि निर्धास्त झालो. वय, गल्ली, व्यवसाय, आजार हे रकाने तसेच राहिले. पडताळणीसाठी त्या तक्त्याचा फोटो मी कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्यातली एक ओळ अशी होती: वय ४१, गल्ली तिसरी, पोळी-भाजीचे डबे, टीबी. तिसऱ्या गल्लीत डबे देणाऱ्या वहिनी एकच होत्या. ग्रुपमधल्या कुणीतरी तो फोटो घरी दाखवला आणि दोन दिवसांत तो वस्तीभर झाला. वहिनींचा औषधांचा कोर्स पूर्ण होऊन वर्ष उलटलं होतं. टीबी जेवणातून पसरतही नाही. पण डबे बंद करणाऱ्यांनी एवढं कुठे विचारलं?

मी माफी मागायला गेले. वहिनी कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ताई, तुम्ही नाव खोडलंत, पण मला तशीच ठेवलीत की!”

नंतरची सगळी वर्षं मी याच वाक्याभोवती शिकत राहिले. पाहणीचं काम करणाऱ्यांसाठी आणि माहिती देणाऱ्यांसाठी ते इथे मांडते.

नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं नाही. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या, आणि कुठला क्रमांक कुणाचा ही यादी वेगळी, कुलपात ठेवा. वय नेमकं न लिहिता ४० ते ४९ असा गट करा. ज्या गटात दोन-चारच माणसं उरतात, तो शेजारच्या गटात मिसळून टाका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही पाठवू नका. तिथे गेलेली गोष्ट परत घरी येत नाही.

सही घेण्याआधी समोरच्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावा: “काका, मी कशासाठी आले, तुम्हाला काय समजलं?” उत्तर आलं नाही, तर दोष काकांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार माहिती समजेल अशा भाषेत द्यावी लागते, वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि कधीही माघार घेतली तरी उपचारांत फरक पडू द्यायचा नसतो. म्हणूनच डॉक्टर तपासत असताना फॉर्म पुढे सरकवू नये. त्या क्षणी कुठला पेशंट ‘नाही’ म्हणेल?

एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरायची, तर पुन्हा विचारा. अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं आणि ते न विचारता इतर संशोधनालाही वापरलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने भरपाई दिली आणि उरलेले नमुने परत केले. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. पण संशोधनासाठीच्या वापराला तो काही अटींवर सूटही देतो. तिथे राखण आपल्यालाच करायची आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, मग माहिती द्यायचीच कशाला? द्यायची, कारण आपल्या आजारांची उत्तरं आपल्याच घरांत आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. त्यासाठी कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन बायकांच्या पाळीच्या तारखा लिहून घेत. इतकी खासगी गोष्ट! त्यातून कळलं की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सरासरी सुमारे ८०० ग्रॅमनी हलकी जन्मतात, तरी त्यांच्या अंगात चरबी तुलनेनं जास्त असते. आईच्या बी-१२ जीवनसत्त्वाच्या पातळीचा मुलांच्या पुढच्या मधुमेहाच्या धोक्याशी संबंध असू शकतो. ती मुलं वयात आल्यावर त्यांनाच घेऊन बी-१२ च्या गोळ्यांची चाचणी झाली. अशी दारं दोन-दोन पिढ्या उघडी राहतात, ती एका सहीवर राहत नसावीत. माणसं परत परत येतात, म्हणून राहत असावीत.

माहिती देणाऱ्यांनी एवढं जरूर विचारावं: हे कुणासाठी आहे? माझा कागद कोण कोण बघणार? किती वर्षं ठेवणार? नाही म्हटलं तर काय होईल? अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर कुठे आहे? आणि निष्कर्ष आम्हाला कधी सांगणार? उत्तरं देताना समोरची व्यक्ती अडखळली, तर सही उद्यावर ढकला. सही केलीत, तर एक प्रत स्वतःकडे ठेवा.

कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं. त्या नळावर जागोजागी उच्छ्वास ठेवले होते. तिथून आत डोकावता येई, गाळ काढता येई. आमच्या वस्तीची माहितीही अशीच जमिनीखालून शहरात जात होती, फक्त मध्ये उच्छ्वास कुठेच नव्हते.

पुढच्या पाहणीआधी मी वहिनींकडे नुसत्या रकान्यांचा, रिकामा तक्ता घेऊन गेले. माहिती मागितली नाही. ती मागायचा हक्क मी गमावला होता. त्यांनी चष्मा लावून रकाने वाचले आणि पिठाचं बोट ‘व्यवसाय’वर ठेवलं. “हा कशाला?” मला उत्तर देता आलं नाही. रकाना काढला. मग ‘गल्ली’वर बोट गेलं. तोही गेला.

बंद झालेल्या डब्यांपैकी काही परत सुरू झाले, सगळे नाही. पण आता कुठलाही तक्ता करायला बसले, की प्रत्येक रकान्यावर मला ते पिठाचं बोट दिसतं.