पराभवाचे गणित
ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडला की ‘गोल’, गुण 6. बाजूच्या खांबामधून गेला तर ‘बिहाइंड’, गुण 1. 30 जुलै 2011 रोजी जिलाँगने मेलबर्नचा 233–47 असा धुव्वा उडविला. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक डीन बेली यांना दूर करण्यात आले.

नेम चुकला म्हणून हरलो, असे हरलेल्या संघाच्या चाहत्यांना नेहमीच वाटते. मी आकडेच मांडून पाहिले. मेलबर्नचे गोल 7, बिहाइंड 5, एकूण 12. ते सारे गोल धरले तरी गुण 72! जिलाँगचे मात्र 37 आणि 11, म्हणजे 48, बरोबर चौपट. तेव्हा उणीव नेमाची नव्हती. चेंडू खांबांपर्यंत पोहोचतच नव्हता. मेलबर्नला विजेतेपद लाभले ते पुढे 2021 मध्ये. पराभवाची चिकित्सा शेवटच्या किकपासून नव्हे, तिच्या आधीच्या खेळापासून करावी, हाच यातला धडा.