लोकवाङ्मय : संस्कृती, साहित्य आणि रंजन यांचा मूलस्रोत
बेळगाव-शहापूर परिसराच्या संदर्भात

लोकवाङ्मयाचा विचार करताना ते निरक्षर समाजाचे मागे पडलेले धन होय, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. जात्यावरची ओवी, गोंधळ्याचे आख्यान, वासुदेवाचे गीत, आजीने सांगितलेली कहाणी यांना कर्ता नसतो, छापील प्रत नसते. म्हणून त्यांना साहित्यात स्थान नाही, असे मानले जाते. वस्तुस्थिती याहून निराळी आहे. ज्याला आपण अभिजात नाटक, कादंबरी किंवा संगीत म्हणतो, त्याची मुळे पुष्कळदा याच मातीत रुजलेली असतात. त्याचे उत्तम उदाहरण म्हणून बेळगाव-शहापूर परिसराकडे पाहता येईल.

बेळगावला लागून असलेले शहापूर हे हातमागाच्या साड्यांसाठी ख्यातनाम असलेले गाव पूर्वी सांगली संस्थानात होते. येथे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा पिढ्यानपिढ्या एकाच बाजारात, एकाच जत्रेत आणि कित्येकदा एकाच घरात बोलल्या जात आहेत. लोकगीताला आणि लोककथेला भाषेची सीमा अडवीत नाही. म्हणून अशा प्रदेशात लोकवाङ्मयाची देवाणघेवाण अधिक मोकळेपणाने होते.

रंगभूमीचा उगम

१८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळींचा खेळ सांगलीस झाला. तो पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना तशा धर्तीचे मराठी नाटक रचण्याची आज्ञा केली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. हाच दिवस पुढे मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होऊ लागला. गणपती-सरस्वतीचे आगमन, पदे गाऊन कथानक पुढे नेणारा सूत्रधार, हसविणारा विदूषक आणि पात्रांची उत्स्फूर्त भाषणे ही त्या नाटकांची अंगे लोकनाट्याशी जवळचे नाते सांगणारी होती. भाव्यांनी त्या खेळाची केवळ नक्कल केली नाही. आपल्या श्रोत्यांना रुचेल असे त्याचे रूपांतर केले. लोककलेचा प्रभाव म्हणतात तो हाच.

ज्या वर्षी ‘सीतास्वयंवर’ झाले, त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म झाला. या जिल्ह्यात ‘श्रीकृष्ण पारिजात’ हे कन्नड संगीत लोकनाट्य खेडोपाडी लोकप्रिय होते. कुलगोड तम्मण्णांनी त्याला दिलेले रूप विशेष मान्यता पावले. कानावर कन्नड पदांचे आणि मराठी लावणी, साकी, दिंडीचे संस्कार असलेल्या किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आणले. कथा महाभारतातील, परंतु चाली मात्र लोकांच्या ओठांवरच्या. प्रेक्षकांनी ही पदे इतक्या सहजतेने आपलीशी केली, याचे एक कारण त्यांचा सूर त्यांना आधीच परिचित होता, हे होय.

साहित्यातील पुनर्जन्म

याच जिल्ह्यातील घोडगेरी येथे जन्मलेले कन्नड कवी-नाटककार चंद्रशेखर कंबार यांनी ‘जोकुमारस्वामी’ (१९७२) हे नाटक लिहिले. भाद्रपदात गणेशोत्सवानंतर उत्तर कर्नाटकातील स्त्रिया जोकुमाराची मातीची मूर्ती टोपलीत घेऊन गाणी म्हणत घरोघर हिंडतात. पाऊस पडावा, शेत पिकावे, घरात पाळणा हलावा, ही त्यामागील कामना. कंबारांनी या विधीला जमीनदार आणि कष्टकरी कूळ यांच्या संघर्षाशी जोडले. जमिनीवर हक्क कोणाचा, हा नव्या काळाचा प्रश्न जुन्या विधीच्या मुखाने विचारला गेला. कंबारांना पुढे २०१० सालचा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला.

बेळगावच्या लिंगराज महाविद्यालयात काही काळ अध्यापन केलेले ए. के. रामानुजन यांनी संकलित केलेली एक कन्नड लोककथा येथे मननीय ठरेल. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणे ठाऊक होते. पण तिने ती कधी कोणाला सांगितली नाहीत. कोंडलेली गोष्ट आणि कोंडलेले गाणे रुसली. बाई झोपली असता तिच्या उघड्या मुखातून बाहेर पडून एकाने जोड्याचे आणि दुसऱ्याने अंगरख्याचे रूप घेतले. परक्या पुरुषाच्या या वस्तू पाहून नवऱ्याला संशय आला. भांडण झाले आणि तो देवळात जाऊन निजला. रात्री गावातील दिव्यांच्या ज्योती तेथे गप्पा मारावयास जमल्या, तेव्हा त्यांच्या बोलण्यातून त्याला सत्य कळले. घरी येऊन त्याने पत्नीस त्या गोष्टीविषयी विचारले. तोवर ती गोष्टही विसरली होती आणि गाणेही. गिरीश कार्नाड यांच्या ‘नागमंडल’ (१९८८) या नाटकाच्या आरंभी बोलक्या ज्योती येतात, त्या याच कथेतून.

संगीताच्या क्षेत्रातही हेच घडले. बेळगावजवळील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाच्या आजारामुळे १९४८ च्या सुमारास देवासला राहावयास गेले. काही वर्षे त्यांना गाता येत नव्हते. त्या काळात त्यांनी माळव्यातील स्त्रियांची व कष्टकऱ्यांची गाणी लक्षपूर्वक ऐकली आणि त्या धुनांतून नवे राग सिद्ध केले. रागाचे बीज लोकधुनेत असते, हे त्यांनी स्वतः गाऊन दाखविले.

काय जपावे, काय टाकावे

लोकपरंपरेत जे जे आहे ते सर्व जतन करावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. सौंदत्तीच्या डोंगरावरील रेणुका-यल्लम्मा ही दोन्ही भाषिकांची देवता. तिच्या जत्रेला चौंडक्याच्या नादावर गाणी गात, डोक्यावर ‘जग’ घेऊन, भंडारा उधळीत जाणाऱ्या जोगते-जोगतिणींनी मोठे गीतभांडार सांभाळले आहे. परंतु याच भक्तीच्या आडून लहान मुलींना देवीला सोडण्याची क्रूर प्रथा चालत आली. ती रोखण्यासाठी मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली कायदा झाला. महाराष्ट्रानेही २००५ चा अधिनियम केला. केसात जट झाली म्हणून मुलीला देवीला वाहणे हा आज दंडनीय अपराध आहे.

सीमाभागातील लेखकांनी हे दुःख जवळून पाहिले. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर आधारित ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ साली प्रदर्शित झाला. सामाजिक विषयावरील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. अजय-अतुल यांच्या संगीतालाही तोच सन्मान लाभला. ज्या सुरावटीच्या आधारे प्रथा टिकली, त्याच सुरावटीने प्रथेविरुद्ध लोकांचे मन जागे केले, ही गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. गाणे जपावे, जाच टाकावा, हा विवेक त्यातून शिकता येतो.

शाळा आणि गाव यांचे कर्तव्य

पिठाची गिरणी आली, तशी जात्यावरची ओवी थांबली. काम संपले की कामाचे गाणे उरत नाही. पुण्यातील गी पॉइटव्हँ व हेमा राईरकर यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीनेही अनेक संग्रह प्रसिद्ध केले. तथापि, प्रत्येक गावाचे धन त्या गावानेच मोजावयास हवे.

या कामी शिक्षकांना पुढाकार घेता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून एक ओवी, एक उखाणा किंवा एक कहाणी लिहून आणावी. सांगणाऱ्याचे नाव त्यांच्या संमतीने नोंदवावे. गाव, दिनांक आणि ते गीत कोणत्या प्रसंगी म्हणत, हेही लिहावे. शब्द सुधारू नयेत. बोली जशीच्या तशी ठेवावी. मराठी गीतात कन्नड शब्द आला, तर तो वगळू नये, कारण तोच या भूमीचा इतिहास आहे. भ्रमणध्वनीवर चालही ध्वनिमुद्रित करता येते. ग्रामपंचायतीने व वाचनालयाने अशा वह्यांची एक प्रत सांभाळून ठेवावी.

लोककथेतील त्या बाईपाशी गोष्ट होती, गाणे होते, केवळ विचारणारे कोणी नव्हते. नवऱ्याने विचारले तेव्हा फार उशीर झाला होता. आपल्या घरातील आजीला तो प्रश्न आज, वेळेवर विचारला जावा.