नवजात अर्भकाच्या यकृतातील गळू : ओळख व उपचार

तान्ह्या मुलाचे पोट फुगल्यास पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची घातक प्रथा काही भागांत आढळते. मेळघाटात तिला ‘डंबा’, तर गुजरातेत ‘डाम’ म्हणतात. पोटफुगीमागे एखादे वेळी यकृतात साठलेला पू असतो. ही व्याधी दुर्मिळ, परंतु जिवावर बेतणारी आहे. डागण्याने पू तर निघत नाहीच. भाजल्या जागेतून नवे जंतू शिरतात आणि मोलाचा वेळ वाया जातो.

कारणे : गर्भावस्थेत वारेकडून रक्त ज्या नाळशिरेतून येते, ती बेंबीतून यकृताकडे जाते. जन्मानंतर ती हळूहळू बंद होते. नाळेवर शेण, राख लावल्याने बेंबी चिघळल्यास जंतू याच मार्गाने यकृतात पोहोचतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या नाळशिरेत उपचारार्थ नळी घातली असल्यास किंवा रक्तात जंतुसंसर्ग झाल्यासही गळू होऊ शकते.

लक्षणे : मूल दूध ओढत नाही, मलूल पडते, पोट फुगते, उलट्या होतात. ताप येतोच असे नाही. कधी अंग गार पडते. बेंबीभोवती लाली, सूज वा पू दिसणे ही धोक्याची खूण होय.

निदान : ही लक्षणे इतर आजारांतही आढळत असल्याने सोनोग्राफी आवश्यक ठरते. तिने वेदना होत नाहीत. जोडीला रक्ताची व पुवाची जंतुपरीक्षा करतात.

उपचार : शिरेवाटे प्रतिजैविके दिली जातात, उपचार कित्येक आठवडे चालतो. मोठे गळू सोनोग्राफीत पाहून सुईने वा नळीने रिकामे करतात. ते पोटात फुटल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. मूल हसूखेळू लागले तरी औषध मध्येच थांबवू नये.

ग्रामस्थांचे कर्तव्य : २०११ पासून आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी भेट देते, तिला बेंबी अवश्य दाखवावी. त्याच वर्षी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी नवजात अर्भकास शासकीय रुग्णालयात उपचार व वाहन विनामूल्य मिळते. सुरतेनजीकच्या कामरेजसारख्या हमरस्त्यावरील गावातून मोठे रुग्णालय जवळ पडते. दुर्गम पाड्यावरून मात्र वाट लांबची असते. म्हणून तेथे पहिल्या लक्षणासरशी १०८ क्रमांकास कळवावे. वाटेत मुलास उबदार ठेवावे.

नाळ कोरडी व स्वच्छ ठेवणे आणि वैद्यकीय सल्ल्यावाचून तिला काहीही न लावणे, हाच या व्याधीवरील सर्वांत सोपा प्रतिबंध होय.