पणजोबांचा स्टोव्ह पेटवण्याआधी

माळ्यावरचा स्टोव्ह उतरवलास ना, मग आता त्याला चिंच-मीठ किंवा पितांबरी लावायची घाई करू नकोस. टाकीवरचे ठसे उथळ असतात. खसाखसा घासलंस की नाव, गाव सगळं जातं. ओल्या फडक्याने धूळ पूस, टाकी उन्हात तिरपी धर आणि तळ बोटांनी चाचपून बघ. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी फिरवलीस तर बुजलेली अक्षरंही उठतात.

घरातले सगळे त्याला प्रायमस म्हणतात, पण आपल्याकडे पंपाच्या कुठल्याही स्टोव्हला प्रायमसच म्हणत. खरा प्रायमस स्वीडनचा, टाकीवर स्टॉकहोमचं नाव असलेला. 1911 पासून प्रायमसवाले तळाशी वर्षाचं अक्षर ठोकू लागले. ए म्हणजे 1911. ऑप्टिमस, रेडियस, स्वेआ हेही स्वीडनचेच, मॉनिटर बर्मिंगहॅमचा. बाणाची खूण दिसली तर तो बहुधा लष्करी माल. पुण्याच्या कॅम्पातून असे बरेच बाहेर आले. आयएसआयचा शिक्का असेल तर तो स्वातंत्र्यानंतरचा. वय टाकीवरून ठरव, बर्नरवरून नाही, कारण बर्नर घरोघरी बदललेले असतात.

पणजोबा पुण्याच्या जल संशोधन केंद्रात होते. नदीच्या पाहणीला जाताना हा स्टोव्ह बरोबर न्यायचे, म्हणून तो प्रवासाचा आहे की स्वयंपाकघरातला, हे तुला कळायला हवं. घरच्या स्टोव्हचे पाय टाकीला डाखलेले असतात. प्रवासाच्या स्टोव्हचे पाय निघतात, बर्नर सुटा होतो, त्या भोकाला झाकण असतं आणि सगळं पत्र्याच्या डब्यात बसतं. प्रायमसच्या 96 नंबरच्या टाकीत जेमतेम पाव लिटर रॉकेल मावतं. बर्नरवर एकच चकती असेल तर तो भर्रर्र आवाज करणारा. भोकं पाडलेल्या टोप्या एकात एक असतील तर शांत जळणारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो रॉकेलचा की पेट्रोलचा? रॉकेलच्या साध्या स्टोव्हला हवा सोडायची किल्ली असते, ती सैल केली की तो विझतो. पंपच नसलेले छोटे पितळी स्टोव्ह, स्वेआ 123 सारखे, बहुधा पेट्रोलचे. पण पंप आहे म्हणून रॉकेलचाच, असं धरू नकोस. पंपाचे पेट्रोल-स्टोव्हही निघाले. खात्री होईपर्यंत काहीही भरू नकोस. आणि रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोलचा थेंबही नको. स्टोव्हच्या भडक्याने आपल्या राज्यात किती बायका गेल्या, त्यांतल्या कितीजणींना मुद्दाम पेटवलं गेलं, हे माझ्या पिढीने पाहिलंय. म्हणून मी यात कडक आहे.

रॉकेलचाच आहे हे ठरल्यावर पंपाचा दांडा ओढ. टोकाला चामड्याचा वायसर असतो, तो वाळून आक्रसलेला असणार. रात्रभर तेलात ठेव, मग कडा बोटांनी बाहेर फुलव. टाकी रिकामीच ठेवून चार-पाच वेळा हवा भर आणि सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लाव. बुडबुडा आला तिथे गळती. टाकीचं डाखकाम घरी करू नकोस, कसब्यातल्या तांबट आळीत दाखव. सुटे भाग बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात शोध. बर्नर तापवायच्या काकड्याची जुनी पांढरी दोरी मात्र कुस्करू नकोस, ती अॅस्बेस्टॉसची असू शकते. नवा काकडा घे.

पहिल्यांदा पेटवायचा तो अंगणात, वाऱ्याच्या आडोशाला, शेजारी वाळूची बादली ठेवून. काकडा स्पिरिटमध्ये भिजवून लाव, बर्नर पुरता तापू दे, मगच हवा भर. घाई केलीस तर रॉकेलची वाफ होत नाही आणि पिवळी ज्योत हातभर उसळते. ज्योत निळी झाली की जमलं. चैत्र-वैशाखात सिंहगडाच्या वाळल्या गवतात मात्र तो नेऊच नकोस. आणि टाकीच्या तळाला चीर असेल, तर तो पेटवायचा नाही. शिक्का दिसेल असा कपाटात ठेव.