आकडा एक, जागा सहा

प्रश्न : माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. परवा रात्री अकराला फोन केला तर म्हणाला, "मामा, रिलीज अडकलंय, व्हर्जनचा आकडा एका फायलीत बदलायचा राहिला." एवढा शिकलेला माणूस आणि आकडा हातानं बदलतो? कॉम्प्युटरला ते आपलं आपण करता येत नाही का? दुसरं असं, की माझ्या फोनवरच्या एका अ‍ॅपच्या 'माहिती' पानावर एक आकडा दिसतो आणि प्ले स्टोअरवर दुसराच. खरा कोणता धरायचा?
– एक वाचक, नांदूरघाट (ता. केज, जि. बीड)

उत्तर : भाच्याची अडचण समजून घ्यायची तर घरातला सातबारा काढा. खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात एक क्रमांक दिसेल. तो फेरफाराचा. त्याचा जन्म सातबाऱ्यावर होत नाही, तो होतो फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. तलाठी नोंद धरतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, मग तो क्रमांक सातबाऱ्यावर येतो आणि आठ-अ वरचं क्षेत्रही बदलतं. हे सगळं हातानं चालायचं तेव्हाची तक्रार आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला पाठ आहे : फेर मंजूर झाला, पण सातबाऱ्याला नाव लागलं नाही. एका वहीत काम झालेलं, दुसऱ्या वहीत राहिलेलं आणि बँक पीककर्जाला बघणार ती नेमकी दुसरी वही. ई-फेरफार आल्यावर मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली की सातबारा संगणकच अद्ययावत करतो. आकडा एका जागी जन्मतो, बाकीच्या जागांना तो पोचतो.

भाच्याच्या कंपनीत अजून जुन्या वह्यांचाच कारभार दिसतो.

आता सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा इतक्या जागी लिहायचाच कशाला, हा तुमचा खरा प्रश्न. कारण प्रत्येक हत्यार वेगळ्या माणसांनी, वेगळ्या काळी केलेलं आहे आणि प्रत्येकाचा फॉर्म वेगळा आहे. आधार, रेशनकार्ड, पासबुक, शाळेचा दाखला – नाव एकच, पण लिहावं लागतं चार ठिकाणी आणि कुठेतरी 'दत्तात्रय'चा 'दत्तात्रेय' होतोच. अँड्रॉइड अ‍ॅपला तर एकाच फायलीत दोन आकडे लागतात. एक माणसांना दाखवायचा, २.३.१ असा, त्याचं नाव व्हर्जननेम. दुसरा यंत्रासाठी, साधा पूर्णांक, त्याचं नाव व्हर्जनकोड. हा दुसरा प्रत्येक खेपेला वाढलाच पाहिजे. वापरून झालेला कोड पुन्हा दिला की प्ले स्टोअर अ‍ॅप घेतच नाही. त्याला २१० कोटींची कमाल मर्यादाही आहे. काही जण तारखेवरून कोड करतात : वर्ष, महिना, दिवस आणि शेवटी त्या दिवसाचा अनुक्रम. तो हिशोब २०९९च्या ३१ डिसेंबरपर्यंत बरोबर बसतो आणि पुढच्या सकाळी मर्यादा ओलांडतो. तेव्हाचे लोक तेव्हाचं बघतील.

हे झालं नुसत्या अँड्रॉइडचं. आयफोनच्या अ‍ॅपची फाईल वेगळी, सर्व्हरवरच्या भागाची पॅकेज डॉट जेसॉन वेगळी, तिच्याबरोबरची लॉक फाईल वेगळी, माहितीपुस्तिकेचं पहिलं पान वेगळं आणि अ‍ॅपच्या आतलं 'माहिती' पान, जिथे कुणीतरी घाईत आकडा सरळ टाईप करून ठेवलेला असतो, ते वेगळं. मोजल्या तर या सहा जागा झाल्या.

मी स्वतः यात पोळलो आहे. कंपनीचं नाव नको. आम्ही २.४.१ पाठवली, पण 'माहिती' पानावर २.४.० तसंच राहिलं. ग्राहक फोन करायचा, मदतकेंद्रातली मुलगी विचारायची, "आकडा काय दिसतो?" तो सांगायचा २.४.०. ती म्हणायची, "मग आधी अपडेट करा." अपडेट तर त्यानं केलेलंच असायचं. हा खेळ तीन दिवस चालला. जो दोष शोधायचा होता तो राहिला बाजूला आणि आम्ही अपडेट पोचत का नाही हे शोधत बसलो. ते पोचत होतं. खोटं बोलत होतं ते एक पान.

आता आपोआप कसं करायचं ते. पहिली रीत कारकुनाची. एका हत्याराला सांगायचं, तू सगळीकडे लिही. जावास्क्रिप्टवाल्यांकडे 'एनपीएम व्हर्जन पॅच' असा हुकूम आहे. तो दिला की पॅकेज डॉट जेसॉनमधला २.३.० चा २.३.१ होतो, लॉक फाईलमध्येही होतो, त्या बदलाची गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रामरांच्या बदलांच्या वहीत, नोंद पडते आणि तिच्यावर व्ही२.३.१ असा टॅग बसतो. अँड्रॉइडची फाईल मात्र त्याला ठाऊक नाही. तिच्यासाठी दहा ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहून याच हुकमाला जोडता येतो, म्हणजे नोंद पडायच्या आधी तीही बदलून त्याच नोंदीत येते. भाच्याचं काम एवढ्यानंही निम्म्यावर येईल.

दुसरी रीत मला जास्त पटते. आकडा फायलीत लिहायचाच नाही. गिट ही सॉफ्टवेअरची फेरफार नोंदवहीच आहे. कोणी, कधी, काय बदललं ते क्रमानं तिच्यात असतं. तिच्यातल्या एका नोंदीवर टॅगचा शिक्का मारायचा आणि बिल्ड करताना, म्हणजे फायलींमधून चालतं सॉफ्टवेअर तयार करताना, विचारायचं : गिट डिस्क्राइब. उत्तर येतं ते असं : व्ही२.३.०-१४-जी३एफ९सी२ए१. म्हणजे २.३.० चा शिक्का बसल्यावर १४ नोंदी झाल्या आणि आपण उभे आहोत त्या नोंदीची ओळख ३एफ९सी२ए१ अशी सुरू होते. मधला 'जी' गिटचा. हेच उत्तर बिल्ड होताना अ‍ॅपमध्ये, पुस्तिकेत, 'माहिती' पानावर ओतायचं. पायथॉनमध्ये 'सेटअपटूल्स एससीएम' हेच काम करतं. माणूस फक्त शिक्का मारतो आणि शिक्का विसरला तरी आकडा खोटा पडत नाही, नुसता लांबलचक दिसतो.

यात एक खड्डा आहे आणि जवळजवळ प्रत्येक जण त्यात पडतो. बिल्ड करणारा सर्व्हर वेळ वाचवायला अख्खी नोंदवही उतरवून घेत नाही, शेवटचं पान तेवढं घेतो. मग त्याला शिक्काच सापडत नाही आणि काही ठिकाणी चक्क ०.०.० नावाचं सॉफ्टवेअर तयार होतं. भाच्याला सांगा, सर्व्हरला टॅगसकट पूर्ण इतिहास घ्यायला लाव.

रीत कोणतीही धरा, दारात एक राखणदार हवाच. बिल्डच्या शेवटी सगळ्या जागांचे आकडे वाचायचे, एकमेकांशी ताडायचे आणि एक जरी वेगळा निघाला तरी गाडी तिथेच थांबवायची. मराठी वाचकाच्या रोजच्या नजरेतलं याचं उदाहरण म्हणजे फाँट. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' हा देवनागरी फाँट तुम्ही कुठल्या ना कुठल्या संकेतस्थळावर वाचला असेल. कोणत्याही फाँटच्या फायलीत आवृत्ती दोन जागी असते, एकीकडे संख्या म्हणून आणि दुसरीकडे मजकूर म्हणून. 'फाँट बेकरी' नावाचं एक तपासणी हत्यार आहे. ते या दोन्ही जागा जुळतात का हे बघतं आणि नसतील तर तक्रार करतं. मुळात फाईलच अशी आखली की एकच गोष्ट दोनदा लिहावी लागते. तिथे राखणदाराला पर्याय नाही.

ताडून बघतानाही यंत्र फसतं. १.९ मोठा की १.१०? शाळेतलं गणित म्हणेल १.९. पण ही दशांश संख्या नाहीच. गट नंबरच्या पोटहिश्श्यासारखं वाचा : ४५/९ नंतर ४५/१० येतो, त्यात कुणाला शंका वाटत नाही. पायथॉनची ३.१० ही आवृत्ती २०२१ च्या ऑक्टोबरात आली, तेव्हा कित्येकांच्या सेटिंगच्या फायलींनी तिला संख्या समजून शेवटचं शून्य उडवलं आणि ३.१ मागितली. आकड्याला अवतरणचिन्हं घातली की भागतं.

दुसरी फसगत खास आपल्या भाषेची. भाषांच्या ज्या जागतिक प्रमाण माहितीवर अँड्रॉइड चालतं, तिच्यात मराठीसाठी देवनागरी अंकच गृहीत आहेत. फोन मराठीत असेल आणि प्रोग्रामरनं आकडा जोडताना भाषा सांगितली नसेल तर 2.3.1 च्या जागी २.३.१ तयार होतो. आपल्याला दोन्ही सारखेच, पण अक्षराशी अक्षर लावून बघणाऱ्या सर्व्हरला ते परके. मग तो म्हणणार, नवी आवृत्ती घ्या. फोन इंग्रजीत ठेवणाऱ्या प्रोग्रामरला हा दोष जन्मात दिसणार नाही. आपल्या भागात अशा अ‍ॅपांशी आता रोजचा संबंध आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी फोनवर आली, पुढच्याच वर्षी तिची दुसरी आवृत्ती निघाली आणि बांधावर उभं राहून अ‍ॅप अपडेट करणं शेतीच्या कामांत जमा झालं. असली अ‍ॅपं करणाऱ्यानं एक फोन मराठीत ठेवून तपासणी केलीच पाहिजे.

आणि आकडा जुळला म्हणजे माल जुळला असं समजू नये. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअरदलाल कंपनीत आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवा प्रोग्राम गेला आणि आठव्यावर जुनाच राहिला. बाजार उघडल्यावर पाऊण तासात त्या आठव्यानं चुकीच्या ऑर्डरी सोडल्या आणि कंपनीला सुमारे ४४ कोटी डॉलरचा फटका बसला. कागदावर नवी आवृत्ती लागलेली होती. म्हणून राखणदारानं कागद वाचून भागत नाही, चालू यंत्रालाच विचारावं लागतं : तू कितवा?

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. स्टोअरवरचा आकडा आणि फोनमधला आकडा वेगळे असणं ही दरवेळी चूक नसते. प्ले स्टोअरवर नवी आवृत्ती टप्प्याटप्प्यानं सोडता येते, आधी थोड्या फोनांना आणि मग सगळ्यांना. तुमची पाळी आली नसेल. पण अ‍ॅपचं 'माहिती' पान आणि फोन यांच्यात फरक दिसला तर फोनवर विश्वास ठेवा. सेटिंग्जमध्ये जा, अ‍ॅप्स उघडा, ते अ‍ॅप निवडा आणि पानाच्या तळाशी बघा. तिथला आकडा फोननं थेट बसवलेल्या अ‍ॅपमधून वाचलेला असतो. तक्रार करताना तोच सांगा.

भाच्याला एवढंच कळवा : आज जो आकडा चालू आहे तो सगळ्या प्रोजेक्टमध्ये शोध आणि किती फायलींत सापडतो ते मोज. चारपेक्षा जास्त निघाल्या तर मला लिही, पुढच्या अंकात त्याचंही उत्तर देईन.