वाळूचा नकाशा

उत्तन हे ठाणे जिल्ह्यातील कोळ्यांचे जुने गाव. त्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र पसरला आहे. उत्तरेस वसईची खाडी व दक्षिणेस मनोरीची खाडी आहे. या दोन खाड्यांमधील भूभागास पूर्वी धारावी बेट म्हणत. मुंबईतील धारावी ती निराळी. येथील धारावीचा किल्ला मराठ्यांनी १७३९ साली चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत जिंकून घेतला. आज उत्तन मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते.

उत्तनच्या किनाऱ्यावरील वाळू क्वचितच रिकामी असते. होड्या परतल्या की मासळी वाळविण्याचे काम सुरू होते. बोंबलांच्या जोड्या करून, त्यांची तोंडे एकमेकांत अडकवून, त्या बांबूंच्या मांडवांवर टांगतात. जवळा खळ्यावर पसरतात. कोणी जाळी दुरुस्त करीत बसतो. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या ओढून किनाऱ्यावर आणतात. उरलेल्या जागेत मुले खेळतात. पण चेंडू जवळ्यात जाऊन पडला, तर वाळू मिसळून माल खराब होतो आणि घरच्या मिळकतीत तूट येते. मुलांना खेळावयास जागा हवी, हे खरे. आईला मासळी वाळविण्यास जागा हवी, हेही तितकेच खरे.

अशा गावी मैदान करावयाचे तर जमीन सपाट करावी लागते. पाण्याची सोय, बसावयास ओटे आणि सावलीसाठी झाडे हवीत. एवढा खर्च वस्तीला स्वतःच्या बळावर पेलत नाही. अशा कामांसाठी शासनाकडून अनुदान मिळू शकते. कर्ज परत करावे लागते, अनुदान परत करावे लागत नाही. परंतु त्याचा हिशेब मात्र द्यावा लागतो. कारण तो पैसा लोकांनी भरलेल्या करांतून आलेला असतो. बाजारातून गरजेच्या वस्तू विकत घेणारी गरीब स्त्रीसुद्धा त्या तिजोरीत आपला वाटा घालीत असते.

अनुदानाचा उपयोग कसा करावा, याचे एक उदाहरण उत्तनच्या दक्षिणेस, याच समुद्राच्या काठी, मुंबईतील वांद्रे येथे पाहावयास मिळते. तेथे पोर्तुगिजांनी १६४० साली बांधलेला किल्ला आहे. त्याची कमान व भिंती ढासळू लागल्या होत्या आणि लाटांनी पायाची झीज होत होती. तेथील रहिवाशांनी न्यास स्थापून किल्ल्याच्या रक्षणाचे काम हाती घेतले. वास्तुशिल्पी पी. के. दास यांचे त्यांना साहाय्य लाभले. राज्यसभेच्या तत्कालीन सदस्या शबाना आझमी यांनी आपल्या खासदार निधीतून या कामास पैसा मिळवून दिला. २००३ साली सुरू झालेल्या या कामात पाया बळकट झाला व कमान सावरली. मूळचे खडक जसेच्या तसे राखून पायवाटा काढण्यात आल्या आणि उघड्या आकाशाखाली एक रंगमंचही उभा राहिला. पडक्या जागी लोक फिरावयास येऊ लागले.

खासदार निधीची ही योजना केंद्र सरकारने १९९३ साली सुरू केली. या निधीतील पैसा खासदाराच्या हाती पडत नाही. खासदार कामाची शिफारस करतो; मंजुरी जिल्हा प्रशासन देते. तयार झालेली वस्तू सर्वांच्या उपयोगाची असावी लागते आणि तिची निगा पुढे कोण राखणार, हे आधीच ठरवावे लागते. याखेरीज जिल्ह्याच्या विकासाचा आराखडा करण्यासाठी जिल्हा नियोजन समिती असते. उद्याने व क्रीडांगणे हा विषय तर संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांमध्येच नमूद आहे. समुद्रकाठी आणखी एक गोष्ट पाहावी लागते : भरतीरेषेजवळील बांधकामावर कायद्याचे निर्बंध आहेत.

उत्तनसारख्या गावी योजना आखावयाची झाल्यास ती दूरच्या कचेरीत बसून पुरी होणार नाही. कागदावरील नकाशात वाळू मोकळी दिसते. तिच्यावर कोणत्या महिन्यात मांडव उभे राहतात, होड्या कोठे ओढतात, भरतीचे पाणी कोठवर चढते, हे त्या नकाशाला ठाऊक नसते. मासळी वाळविणाऱ्या स्त्रीला ते ठाऊक असते. सायंकाळी मुले कोठे जमतात, हे मुलेच सांगू शकतात. वृद्धांना चढण कोठे जड जाते, हे वृद्धांनाच विचारावे लागते. या सर्वांना विचारून जो नकाशा तयार होईल, त्यात खळे राहील आणि खेळही राहील. असा नकाशा हाती घेऊन गावाने अनुदान मागितले, तर मिळालेला पैसा योग्य जागी पडेल. नकाशाच चुकला, तर पुष्कळ पैसा खर्चूनही मैदान ओस पडेल आणि मासळी वाळविणाऱ्या बाईची जागा मात्र कायमची जाईल.

अभ्यास

१. अनुदान व कर्ज यांत कोणता फरक आहे?
२. वांद्र्याच्या किल्ल्याच्या कामात रहिवासी, वास्तुशिल्पी व खासदार यांनी कोणकोणता वाटा उचलला?
३. ‘वाळू क्वचितच रिकामी असते,’ असे का म्हटले आहे?
४. तुमच्या गावातील एका मोकळ्या जागेचा नकाशा काढा. ती जागा कोण, केव्हा व कशासाठी वापरतात, हे त्यांना विचारून नकाशात लिहा.

शब्दार्थ : खळे – मासळी किंवा धान्य पसरण्याची तयार केलेली जागा, न्यास – सार्वजनिक कार्यासाठी स्थापलेली विश्वस्त संस्था, निर्बंध – बंधन, मर्यादा.